काडतूस घरी भरता येईल का? पिस्तूल नेमबाजांसाठी काही खुलासे

पिस्तूल नेमबाजी शिकणारी मुलं, त्यांचे पालक आणि नव्यानेच परवाना मिळालेले हौशी नेमबाज एक प्रश्न वारंवार विचारतात. परदेशातले लोक गॅरेजात टेबलाला यंत्र लावून वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरताना व्हिडिओत दिसतात. त्यामुळे सरावाचा खर्च बराच कमी होतो, असंही ऐकू येतं. मग आपणही घरी तसं का करू नये?

सरळ उत्तर असं, की भारतात ते करता येत नाही. पण तुमच्या प्रश्नामागची अडचण खरी आहे. काडतुसं महाग आहेत, हवी तेव्हा मिळत नाहीत आणि परवान्यावरचा काडतुसांचा आकडा पुरत नाही. म्हणून 'करू नका' एवढं सांगून मी थांबणार नाही. का करू नये, आणि काडतुसं न जाळता सराव कसा वाढवावा, हे दोन्ही या लेखात आहे. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं, विकणं, हस्तांतरित करणं किंवा त्याची चाचणी घेणं निषिद्ध आहे. 'मी विकत नाही, माझ्या सरावापुरतंच करतो' ही सबब इथे चालत नाही. स्वतःपुरतं म्हणून वेगळी सूट त्या कलमात नाही. तुमच्याकडचा पिस्तुलाचा परवाना कलम ३ खालचा असतो. तो हत्यार आणि काडतुसं बाळगण्याचा परवाना असतो, काडतूस बनवण्याचा नसतो.

शिक्षेचं गांभीर्य बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चा भंग करून दारूगोळा तयार केल्यास किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी तरतूद आहे. खेळापायी कुणी एवढी जोखीम घेऊ नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

- कायद्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. भरलेल्या काडतुसाबरोबर त्याचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. त्यामुळे 'नुसतं यंत्र मागवून ठेवतो, वापरणार नाही' हा विचारही धोक्याचा आहे. परदेशातून नातेवाइकांकरवी असलं काही मागवू नका.
- काडतुसातली दारू आणि तळाची टोपी, म्हणजे प्रायमर, स्फोटकांच्या कायद्याखाली येतात. त्या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. तिथली नियमावली खाणीपासून फटाक्यांच्या गोदामापर्यंत सगळ्यांना लागू होते. बंदुकीची दारू घरात साठवण्यावरही तिची बंधनं आहेत.

फटाक्यांतली दारू वापरून पाहण्याच्या कल्पनाही कानावर येतात. पिस्तुलाच्या काडतुसातली दारू ठरावीक वेगाने जळावी अशी बनवलेली असते. तिच्या जागी दुसरं काही भरलं, तर नळीतला दाब किती चढेल याचा अंदाज कुणालाच करता येत नाही. पिस्तूल तुमच्या हातात आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

रिकामी पुंगळी घरी ठेवली तर गुन्हा होतो का?

पालकांची ही भीती मी समजू शकतो. मुलाने पहिल्या स्पर्धेची आठवण म्हणून एखादी पुंगळी खिशात घालून आणलेली असते. शस्त्र कायद्याचं कलम ४५(ड) इथे दिलासा देतं. दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगणाऱ्याला, ते पूरक भागांबरोबर वापरण्याचा इरादा नसेल तर, कायदा लागू होत नाही. म्हणजे कपाटातल्या शोभेच्या एका पुंगळीने तुरुंगाची वेळ येत नाही. त्याच पुंगळ्या डबाभर साठवल्या आणि शेजारी प्रायमर, दारू, गोळ्या सापडल्या, तर तसा इरादा नव्हता हे पटवणं फार अवघड होतं.

माझा सल्ला असा, की पुंगळ्या रेंजवरच ठेवा. क्लबाच्या हिशेबात त्या जमा करा आणि नोंद झाली का ते पाहा. स्वतःच्या परवान्यावर घेतलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मात्र फेकून देऊ नका. काही जिल्ह्यांत नवी काडतुसं देताना जुन्यांचा हिशेब मागतात.

मुळात भरता येण्याजोगं असतं तरी काय?

व्हिडिओ पाहून उत्साहात आलेल्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट येत नाही. आपल्याकडे पिस्तूल नेमबाज जे झाडतात, त्यातलं बहुतेक पुन्हा भरण्याजोगं नसतंच.

१० मीटर एअर पिस्तुलात काडतूसच नाही, ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा असतो. महिलांचं २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचं रॅपिड फायर हे दोन्ही ऑलिंपिक प्रकार .२२ चे आहेत. ५० मीटर पिस्तूलही .२२ चंच. झाडलेली .२२ ची पुंगळी एकदा बोटांत धरून बघा. तिच्या बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारं रसायन कडेच्या पोकळ वळ्यात भरलेलं असतं आणि पिस्तुलाची पिन त्या कडेलाच ठोका देते. कडेवर चेपलेली एक लहानशी खूण स्पष्ट दिसते. ती कड सरळ करून आत पुन्हा रसायन भरणं घरी व्यवहारात जमणारं नाही, म्हणून .२२ ची पुंगळी जगभर सहसा एकदाच वापरून टाकतात.

राहता राहिला सेंटर फायर प्रकार, ज्यात टोपी पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी असते. त्यात ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाची काडतुसं चालतात आणि आपल्याकडे मुख्यतः .३२ वापरतात. व्हिडिओत सर्रास दिसणारी ९ मिमी भारतात निषिद्ध बोअरमध्ये मोडते, सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाही. म्हणजे भरण्याचा प्रश्न फक्त .३२ वाल्यांपुरता उरतो, आणि त्यांना कायदा आड येतो. बाकीच्यांनी हा विषय डोक्यातून काढून टाकला तरी काहीही बिघडत नाही.

मग सराव स्वस्तात कसा करायचा?

थोडं गणित पाहू. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३० सेंटीमीटर अंतर असतं. चाप दाबताना पुढची साइट मागच्या खाचेत एका मिलिमीटरने जरी सरकली, तरी १० मीटरवर छर्रा सुमारे ३ सेंटीमीटर बाजूला जातो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो फक्त ११.५ मिमी. म्हणजे जो नेम दहाचा वाटत होता, तो सहा-सातच्या वर्तुळात जाऊन बसतो. हात थोडा हलला म्हणून एवढं नुकसान होत नाही. साइटची रांग मोडली की होतं, आणि ती मोडते चाप दाबण्याच्या त्या क्षणी.

हा दोष काडतूस जाळून सुधारत नाही. आवाज आणि झटका यांत तो झाकला जातो. तो उघडा पडतो ड्राय फायरमध्ये, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने केलेल्या सरावात. नामवंत नेमबाज या सरावाला कधीच कमी लेखत नाहीत. आपल्याकडची नवी मुलं मात्र तो कंटाळवाणा म्हणून टाळतात आणि मग छर्रे पुरत नाहीत म्हणून कुरकुरतात.

घरी ड्राय फायर करताना हा क्रम ठेवा.

१. सगळे छर्रे किंवा काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन कुलूपबंद करा. ही पायरी एकदाही वगळू नका.
२. पिस्तूल उघडा, नळीचं मागचं तोंड डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. घरात दुसरं कुणी असेल तर त्यालाही दाखवा.
३. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहा. भिंतीपलीकडे माणसांचा वावर नसावा. सुरुवातीला लक्ष्याचा कागद लावूच नका. लक्ष्य नसलं की नजर आपोआप साइटवर येते.
४. हात वर घ्या, श्वास अर्धा सोडा आणि पुढची साइट खाचेत बसवा. दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे आणि माथा समपातळीत हवा.
५. चाप हळूहळू, एकसारखा वाढत जाणारा दाब देऊन ओढा. 'टिक' झाल्यावरही दोन सेकंद तसेच राहा आणि साइट कुठे गेली ते बघा.
६. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. ताणून धरलेला शॉट सोडायची सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही.

'टिक' च्या वेळी साइट डावीकडे खाली ओढली जात असेल आणि तुम्ही उजव्या हाताने नेम धरत असाल, तर बहुधा बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतंय, किंवा चापाबरोबर सगळी मूठ आवळली जातेय. बोटाचं पेर चापावर कुठे टेकतं ते बदलून पाहा. तर्जनी सोडून बाकी हात जसाच्या तसा राहिला पाहिजे. मोबाइल बाजूला उभा करून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं, तर ही गडबड तुमची तुम्हालाच दिसते, त्यासाठी प्रशिक्षकाची वाट बघावी लागत नाही.

रोज वीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त केलं तर खांदा थकतो आणि थकलेला हात चुकीच्या सवयी शिकतो.

एक सावधगिरी सांगतो. बहुतेक मॅच एअर पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते, हवा न सोडता चाप चालतो. .२२ पिस्तुलाचं तसं नाही. काही .२२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर पिन सोडली तर ती नळीच्या कडेवर आपटते आणि दोघांचीही खराबी होते. उत्पादकाचं पुस्तक वाचा. परवानगी नसेल तर नकली काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, घालूनच चाप ओढा.

एअर पिस्तूल घेताना

.२२ चे नेमबाजसुद्धा बराचसा सराव एअर पिस्तुलानेच करतात. चापाचं वजन वेगळं असतं, एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या .२२ मध्ये १००० ग्रॅम. तरीही साइटची शिस्त तीच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हापासून कोल्हापूरकडच्या मुलींचे पालक थेट .२२ चीच चौकशी करतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की पहिली दोन वर्षं एअर पिस्तूलच हातात द्या.

- परवाना लागतो का? २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मॅच पिस्तूल सहा ज्यूलच्या आसपास असतं, त्यामुळे ते सहज बसतं. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. पावती जपून ठेवा, प्रवासात तीच कामाला येते.
- नवं की वापरलेलं? परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. सुरुवातीला क्लबाचं पिस्तूल वापरा. मुलाचा हात किती मोठा आहे आणि त्याला खेळ टिकवायचा आहे का, हे कळल्याशिवाय खरेदी करू नका. वापरलेलं घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि उच्च दाबामुळे धोकादायकही असतो.
- मापं. स्पर्धेत वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. सुतारकाम करून मोठी केलेली मूठ इथेच नापास होते.
- घरी छर्रे झाडायचे असतील तर मागे लोखंडी पेलेट ट्रॅप हवाच, नुसता प्लायवूड नको. लक्ष्याशेजारच्या दाराला आतून कडी लावा. गच्ची, बाल्कनी आणि सोसायटीचं पार्किंग या जागा सरावाच्या नाहीत.
- शिसं. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा. छर्रे ओठांत धरायची सवय काही मुलांना असते, ती आजच मोडा.

.२२ पिस्तुलाचा परवाना: पायऱ्या आणि हक्क

अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वय किमान २१ पूर्ण हवं. त्याहून लहान मुलांना क्लबात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली क्लबाच्या हत्याराने सराव करता येतो, त्यासाठी पालकांनी स्वतःच्या नावावर पिस्तूल घ्यायची घाई करू नये.

आधी जिल्हा रायफल संघटनेचं सदस्यत्व घ्या. मग महाराष्ट्र रायफल असोसिएशनची राज्य स्पर्धा, त्यानंतर जी. व्ही. मावळंकर स्पर्धा आणि शेवटी राष्ट्रीय स्पर्धा असा चढता क्रम असतो. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. नॅशनल रायफल असोसिएशनच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. या स्पर्धांची गुणपत्रकं तुमच्या अर्जाचा कणा असतात.

इथे एक बारकावा आहे आणि तो न समजल्यामुळे बरेच अर्ज फसतात. मान्यताप्राप्त क्लबाच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी .२२ रायफल हवी असेल, तर कलम १३ नुसार परवाना देण्याकडे कायद्याचा कल असतो. पिस्तूल त्या सवलतीत येत नाही. पिस्तुलासाठी 'योग्य कारण' दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. म्हणून अर्जात 'आत्मसंरक्षण आणि खेळ' असं दोन्ही लिहू नका. फक्त खेळ लिहा आणि पुरावे जोडा:

- क्लबाचं आणि जिल्हा संघटनेचं पत्र, ज्यात प्रकार आणि बोअर स्पष्ट लिहिलेलं असेल
- स्पर्धांची गुणपत्रकं, तारखांसह
- हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- घरात हत्यार कुठे आणि कसं ठेवणार याचं हमीपत्र. भिंतीला बोल्टने बसवलेल्या कपाटाचा फोटो जोडलात तर उत्तम.

पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत आणि तो मिळाल्यावर निर्णय ६० दिवसांत व्हावा, असं नियम सांगतात. प्रत्यक्षात उशीर होतो. पोच घेतलेली प्रत जवळ ठेवा आणि मुदत उलटली की लेखी स्मरणपत्र द्या. तोंडी चौकशीची नोंद कुठेच राहत नाही.

अर्ज नामंजूर झाला तर हे हक्क वापरा.

- कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मागणी केल्यास तुम्हाला त्यांचा थोडक्यात तपशील मिळाला पाहिजे, सार्वजनिक हिताचं कारण असेल तर अपवाद.
- तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शेतकरी किंवा कामगार कुटुंबातल्या नेमबाजांनी हे जरूर लक्षात ठेवावं.
- कलम १८ खाली अपील करता येतं. मुदत ३० दिवसांची असते, ती वकील शोधण्यात घालवू नका. साध्या भाषेतलं अपीलही चालतं.

परवाना मिळाला की तो ५ वर्षं चालतो. तो महाराष्ट्रापुरता आहे की देशभर, ते पहिल्याच दिवशी तपासा. दिल्लीच्या स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ही चूक सापडली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याची नोटीस आली, तर स्पर्धेचं वेळापत्रक जोडून सूट मिळण्यासाठी लगेच अर्ज करा. जमा करावंच लागलं तर अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या.

काडतुसं घेताना, ठेवताना, नेताना

फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या आणि प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर झाली का ते दुकानातच बघा. खडकी आणि वरणगावचे कारखाने आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आहेत. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असतात. बुडावर काहीच छाप नाही, गोळीभोवती ओरखडे आहेत किंवा खोकं फोडून पुन्हा चिकटवलेलं आहे, असा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. कुणीतरी चोरून भरलेली काडतुसं असण्याची शक्यता तिथेच असते आणि ती तुमच्या परवान्यावर सापडली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

मित्राची उरलेली काडतुसं 'तात्पुरती' ठेवून घेऊ नका. स्वतःची मित्राला देऊ नका. क्लबमध्ये एकमेकांना पेटी देण्याची पद्धत कितीही रुळलेली असली तरी ते हस्तांतरणच ठरतं.

शक्य तेव्हा एकाच लॉटची काडतुसं घ्या. लॉट बदलला की गट सरकतो आणि नेमबाज आपला दोष शोधत बसतो.

विमानाने जाताना पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही आगाऊ जाहीर करून चेक-इन सामानातच द्यायची, वेगवेगळी बांधून. काडतुसांना प्रवाशामागे ५ किलोची मर्यादा असते. विमान कंपनीला आधी कळवा आणि काउंटरवर दोन-अडीच तास लवकर पोचा.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी

तिथे घरी, स्वतःपुरती काडतुसं भरायला संघीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विक्रीसाठी लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात. पण मराठी घरांसाठी त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो व्हिसाचा. एच-वन-बी, एच-४, एफ-१ किंवा भेटीचा बी-२, असा कुठलाही तात्पुरता व्हिसा असेल, तर संघीय कायद्यानुसार बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं असे मोजकेच अपवाद आहेत. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही बाळगण्यातच मोडतं. शनिवारी सहकाऱ्यांबरोबर गंमत म्हणून जाणारा मुलगा आणि त्याच्याबरोबर गेलेले आईवडील, दोघांचंही पुढचं इमिग्रेशन यात अडकू शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही.

ज्यांना कायद्याने मोकळीक आहे, त्यांनी एवढं तरी पाळावं:

- दारूचं प्रमाण फक्त दारू उत्पादकाच्या किंवा गोळी उत्पादकाच्या छापील, चालू आवृत्तीतून घ्यावं. ओळखीच्याने सांगितलेलं प्रमाण वापरू नये. सुरुवात दिलेल्या किमान प्रमाणापासून करावी.
- टेबलावर एका वेळी एकच दारू असावी, आणि तीही मूळ डब्यातच. बाटल्या बदलल्या की पुढचा घोळ ठरलेला.
- पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा पडली तरी ती काठोकाठ भरलेली दिसत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघावं, एकही न वगळता.
- फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. मुलं झोपल्यावर बसावं, पण स्वतःला झोप येत असताना बसू नये.
- शिसं आणि प्रायमरची धूळ स्वयंपाकघरापासून लांब ठेवावी. जेवणाचं टेबल यासाठी वापरू नये.
- रेंजवर एखाद्या शॉटचा आवाज दबका आला, तर पुढचा चाप ओढू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि दुसरी गोळी तिच्यावर आदळली तर नळी फुटू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार दिसते का ते बघावं.

सुट्टीला भारतात येताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. अस्तरात किंवा बाजूच्या कप्प्यात राहून गेलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात दिसतं आणि गुन्हा नोंदवला जातो. काडतूस आपल्याजवळ आहे याची जाणीव प्रवाशाला होती का, हा मुद्दा न्यायालयं तपासतात आणि जाणीव नसल्याचं दिसलं तर अशी प्रकरणं रद्दही झाली आहेत. पण तोवर जामीन, तारखा आणि चुकलेलं परतीचं विमान हे सगळं होऊन गेलेलं असतं. भारतातल्या नेमबाजांनाही हेच लागू आहे: रेंजसाठी एक बॅग कायमची वेगळी ठेवा. तरीही असं काही घडलंच, तर लगेच वकिलाला बोलवा, क्लबाचं सदस्यत्व आणि परवान्याची प्रत मागवून घ्या, आणि कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.